बोलक्या पेटीची झिलई

बांबूच्या स्पीकरला पाच-सात पावसाळे झाले, की त्याचं वय अंगावर दिसू लागतं. खिडकीकडच्या बाजूचा रंग बदललेला, वरच्या फळीवर चहाच्या कपाचं गोल वळं, कडांवर पॉलिश उडून उघडे पडलेले तंतू. आतला कोन, चुंबक आणि तारा ठणठणीत असतात. थकलेली असते ती फक्त वरची झिलई. मग मालक रंगाच्या दुकानात जातो आणि त्याच्यापुढे डबे मांडले जातात. पीयू, मेलामाइन, एनसी लॅकर, तेल, मेण, आणि मागच्या फळीवरचा चपडा. दुकानदार विचारतो, 'ग्लॉस हवं की मॅट?' खरं तर विचारायला हवं ते वेगळंच: उद्या हे काढायची वेळ आली, तर निघेल का?

हा प्रश्न नीट समजायचा तर या डब्यांचा मागोवा घ्यावा लागतो. तो घेताना एक नवल दिसतं. लाख आणि बांबू यांची आवाजाच्या दुनियेतली ओळख आजची नाही. शंभर वर्षांपूर्वी ग्रामोफोनची तबकडी लाखेची होती आणि तिच्यावर फिरणारी सुई कित्येकदा बांबूची होती.

बांबूचं मूळ अंग

बांबूला निसर्गाने स्वतःचीच झिलई दिली आहे. त्याच्या बाहेरच्या हिरव्या सालीत सिलिका असते आणि वर मेणाचा पातळ थर. पावसाचं पाणी त्यावरून घरंगळून जातं, आणि माणसाने लावलेलं पॉलिशही त्याच कारणाने तिथे धरत नाही. कच्च्या बांबूवर थेट मारलेला वार्निशचा हात काही महिन्यांत पापुद्र्यांनी सुटतो तो यामुळेच. म्हणून आपल्याकडे लाठी आधी शेकतात आणि मग तिला तेल पाजतात. उष्णतेने सालीतलं मेण बाहेर येतं, ते पुसून काढलं जातं आणि तेलाला आत शिरायला वाट मिळते. जपानी कारागीरही टोपल्यांचा बांबू आगीवर शेकून त्यातला तेलकटपणा पुसून काढतात.

बांबूवर जाड, कायमचा लेप चढवण्याची विद्या मात्र पूर्व आशियात वाढली. चीन आणि जपानमध्ये एका झाडाचा चीक लाकडावर आणि बांबूवर चढवत. जपानीत त्याला उरुशी म्हणतात. हा चीक हवेतल्या ओलाव्यामुळे कडक होतो. कोरड्या हवेत तो वाळत नाही, म्हणून भांडी दमट कपाटात ठेवावी लागतात. म्यानमारमधल्या बगानचे कारागीर बांबूच्या बारीक पट्ट्या गुंडाळून वाट्या आणि डबे घडवतात आणि थित्सी नावाच्या झाडाचा काळा चीक त्यांच्यावर थरावर थर चढवतात. प्रत्येक थर तळघरात मुरू द्यायचा, घासायचा, मग पुढचा द्यायचा. एका भांड्याला महिने लागतात. चीनमध्ये याच्या जोडीला टुंगच्या बियांचं तेल होतं. बांबूच्या काड्यांच्या कागदी छत्र्या या तेलाने पाऊस अडवत आणि नावांच्या सांध्यांतही ते वापरलं जाई. आज बांबूच्या फर्निचरसाठी 'हार्डवॅक्स ऑइल' म्हणून जे डबे मिळतात, त्यांचं घराणं या वाळणाऱ्या तेलांचंच. आपल्याकडच्या जवसाच्या तेलाचं नातंही त्यांच्याशीच.

लाखेची वाट

भारतात चीक देणाऱ्या झाडांऐवजी एका किड्याने हे काम केलं. केरिया लॅक्का नावाचा हा इवलासा कीटक पळस, बोर आणि कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर बसतो, रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतो. फांद्या तोडून ते कवच खरवडायचं, धुऊन दाणा करायचा, दाणा वितळवून पातळ पापुद्रे करायचे, की झाला चपडा. झारखंड आणि छत्तीसगड हे लाखेचे मोठे प्रदेश. आपल्या विदर्भात गोंदियाकडच्या पळसांवरही लाख घेतली जाते. लाखेच्या शास्त्रीय अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुमला १९२४ साली संस्था उभी राहिली, आणि ती आजही काम करते आहे.

युरोपला लाखेची सविस्तर माहिती देणाऱ्यांत गोव्याचा वाटा आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. १५६३ साली गोव्यातच छापल्या गेलेल्या त्याच्या औषधी द्रव्यांवरच्या ग्रंथात लाखेवर एक स्वतंत्र संवाद आहे. त्या काळी युरोपला लाखेचा लाल रंगही हवा होता. १८५६ नंतर कृत्रिम रंग आले, लाखरंगाची मागणी ओसरली आणि राळ हाच लाखेचा मुख्य माल झाला.

तोवर त्या राळेला युरोपात मोठं काम मिळालंही होतं. १९व्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत फ्रेंच पॉलिशची पद्धत रूढ झाली. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापसाची पुरचुंडी कापडात बांधून त्यात भिजवायची आणि लाकडावर गोल गोल फिरवत अतिशय पातळ थर चढवत न्यायचे. प्रत्येक नवा थर खालच्या थराला किंचित विरघळवतो आणि त्याच्याशी एकजीव होतो. या एका गुणात पुढची सगळी गोष्ट आहे. चपड्याच्या झिलईवर ओरखडा पडला, तर स्पिरिटचा बोळा फिरवला की ओरखडा त्याच झिलईत मिसळून जातो. तीस वर्षांपूर्वीचा थर आणि आजचा थर यांच्यात भेद राहत नाही.

ही विद्या आपल्याकडच्या हातांना परकी नव्हती. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी गंजिफांवर आणि लाकडी वस्तूंवर लाखेची चकाकी आणली. ती कला विझू लागली तेव्हा १९७०च्या दशकात सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला पुन्हा उभं केलं. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्याने १९व्या शतकात तंतुवाद्यं घडवायला घेतली. त्या सतारी-तंबोऱ्यांच्या भोपळ्यावर आणि लाकडावर चपड्याचं पॉलिश चढतं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

लाख बोलू लागली

एमिल बर्लिनरने १८८७ साली ग्रामोफोनचं पेटंट घेतलं. त्याच्या सुरुवातीच्या तबकड्या कडक रबराच्या होत्या. त्या सपाट राहत नसत आणि दाबात नीट भरत नसत. १८९०च्या दशकाच्या मध्यात त्याला लाखेचं मिश्रण सापडलं. दगडाची भुकटी, काजळी, थोडे कापसाचे तंतू आणि हे सगळं धरून ठेवणारी लाख. गरम असताना ते साच्यातली बारीकात बारीक रेघ उचलतं आणि थंड झाल्यावर टणक होतं. पुढची पन्नासेक वर्षं जगाचं संगीत या मिश्रणावर साठवलं गेलं.

१९०२ साली फ्रेड गायसबर्ग ध्वनिमुद्रणासाठी कलकत्त्याला आला आणि गौहर जानचा आवाज मुद्रित झाला. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला तबकड्या दाबण्याचा कारखाना उघडला. त्याआधी लाख बाहेर जायची आणि तबकडी होऊन परत यायची. आता ती इथेच बोलू लागली. अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, केसरबाई केरकर यांचे आवाज आपल्या आजोबा-पणजोबांनी याच राळेवर ऐकले.

बांबू इथेच भेटतो. पोलादी सुई तबकडीची रेघ झिजवते, म्हणून जपणारे रसिक बांबूची सुई वापरत. त्रिकोणी छेदाची ही काडी एक बाजू वाजली की छोट्या कात्रीने टोक छाटून पुन्हा धारदार करायची. तिचा आवाज मऊ येई आणि तबकडीचं आयुष्य वाढे. इंग्लंडमध्ये मोठ्या कर्ण्याचे ग्रामोफोन हाताने बनवणारे कारखानदार अशा सुयांसाठीच आपली यंत्रं जुळवत.

पेटीची गोष्टही याच काळातली. पूर्वी कर्णा उघडा असे. १९०६ साली अमेरिकेच्या व्हिक्टर कंपनीने व्हिक्ट्रोला आणला आणि कर्णा लाकडी कपाटात दडवला. आवाजाचं यंत्र दिवाणखान्यातलं फर्निचर झालं ते त्या दिवसापासून. महोगनी, ओक, त्यावर आरशासारखी झिलई, आणि आत लाखेची तबकडी. १९२५ साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कागदी कोनाच्या, विजेवर चालणाऱ्या ध्वनिक्षेपकाची रचना मांडली, आणि या पेटीत आजचा स्पीकर येऊन बसला.

काम सोपं झालं, दुरुस्ती अवघड

लाखेची मागणी इतकी वाढली की तिला पर्याय शोधणाऱ्यांना त्यात पैसा दिसू लागला. लिओ बेकलंड हा अमेरिकेत स्थायिक झालेला बेल्जियन रसायनशास्त्रज्ञ कृत्रिम लाखेच्याच शोधात होता. १९०७ साली त्याच्या हाती बेकेलाइट लागलं. १९३०च्या दशकात रेडिओच्या पेट्याच बेकेलाइटच्या होऊ लागल्या. त्यांना झिलई द्यायची गरजच उरली नाही, आणि पेटी तडकली तर सांधायचीही सोय राहिली नाही.

लाकडी पेट्यांवर दुसरं रसायन आलं. पहिल्या महायुद्धानंतर नायट्रोसेल्युलोज बनवण्याची प्रचंड क्षमता रिकामी पडली होती. १९२३ साली ड्युपाँट कंपनीने ड्युको हे लॅकर बाजारात आणलं. मोटारीचा रंग वाळायला पूर्वी आठवडे जात, ते काम आता तासांवर आलं. मोटारींमागोमाग फर्निचर, रेडिओ आणि गिटारी फवाऱ्याखाली आल्या. आपल्याकडच्या मर्फीसारख्या लाकडी रेडिओंचं तेज याच घराण्यातलं. एनसी लॅकरने चपड्याचा एक चांगला गुण मात्र जपला: थिनरने ते पुन्हा विरघळतं, म्हणून नवा थर जुन्यात मिसळतो.

१९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनचा मार्ग शोधला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत तेच पीयू लाकडावर आलं. यात दोन घटक एकमेकांशी जोडले जातात आणि पृष्ठभागावर अखंड जाळं तयार होतं. स्पिरिट, थिनर, गरम कप, ओलं फडकं, कशालाही ते दाद देत नाही. टेबलासाठी हे वरदान आहे. पण या जाळ्यात नवा थर विरघळून मिसळत नाही. तो फक्त खडबडीत केलेल्या पृष्ठभागाला धरून राहतो. एका कोपऱ्याची दुरुस्ती कोपऱ्यापुरती राहत नाही, पूर्ण फळी घासावी लागते.

तबकडीनेही तोपर्यंत लाख सोडली होती. दुसऱ्या महायुद्धात समुद्रमार्ग तुटले आणि १९४२ साली अमेरिकेने तबकड्यांसाठीच्या लाखेवर कडक मर्यादा घातली. जुन्या तबकड्या गोळा करून त्यांचा माल पुन्हा वापरला गेला. १९४८ साली विनाइलची एलपी आली. भारतात लाखेच्या तबकड्या १९६०च्या दशकातही निघत होत्या, पण लाखेचं बोलणं संपत आलं होतं.

शंभर वर्षांत झिलई चिवट होत गेली आणि तिच्याशी बोलण्याचा माणसाचा मार्ग बंद होत गेला. ही किंमत दुकानातल्या डब्यावर छापलेली नसते. दहा वर्षांनी ती मालकाला मोजावी लागते.

बांबूची फळी

नळीसारख्या पोकळ बांबूतून चौकोनी पेटी होत नाही. १९८० आणि १९९०च्या दशकांत चीनमध्ये मोसो जातीच्या बांबूपासून सपाट फळी बनवण्याचा उद्योग वाढला, तेव्हा ती शक्य झाली. पाचेक वर्षांचा पक्का बांबू चिरायचा, पट्ट्यांची बाहेरची साल आणि आतला मऊ भाग रंधून काढायचा, साखर-स्टार्च निघावा म्हणून पट्ट्या उकळायच्या, वाळवायच्या आणि गोंदाने दाबायच्या. पट्ट्या वाफेवर जास्त वेळ ठेवल्या की आतली साखर करपते आणि मधासारखा तपकिरी रंग येतो. हा रंग आरपार असतो, पण त्यामुळे बांबू थोडा मऊ होतो.

आपल्याकडेही ही वाट खुली झाली आहे. १९२७च्या वन कायद्यात बांबू हे झाड मानलं जाई. २०१७च्या दुरुस्तीने वनाबाहेरच्या बांबूला त्यातून वगळलं आणि शेतकऱ्याला बांधावरचा बांबू तोडण्या-नेण्यासाठी परवानगीच्या मागे धावायची गरज उरली नाही. कोकणातला माणगा हा जवळजवळ भरीव बांबू. कुडाळच्या कोकण बांबू आणि केन विकास केंद्राने त्यापासून फर्निचर आणि घरं उभी करून दाखवली. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचं प्रशिक्षण केंद्र आहे. आपल्या बांबूची, आपल्या हातांनी केलेली स्पीकरची पेटी ही आता कल्पनेतली गोष्ट राहिलेली नाही.

या फळीला झिलईकडून काय हवं? इथे मिरजेची सतार आणि स्पीकरची पेटी यांच्यातला फरक ध्यानात घ्यायला हवा. सतारीची तबली थरथरली पाहिजे, म्हणून तिच्यावर जाड लेप चालत नाही. स्पीकरची पेटी उलट गप्प राहिली पाहिजे. बोलायचं काम कोनाचं. तेव्हा चांगल्या झिलईने स्पीकर गोड वाजतो, या विक्रेत्यांच्या बोलण्यात तथ्य नाही. झिलईचं खरं काम ओलाव्याचं. बांबू हवेतला दमटपणा घेतो आणि सोडतो. बाहेरून पीयू आणि आतून उघडा बांबू अशी फळी पावसाळ्यात एकाच बाजूने फुगते, वाकते आणि सांधे उघडते. १९५४ साली एडगर व्हिलचर यांनी बंद पेटीतली हवा कोनाला आवरणारी स्प्रिंग म्हणून वापरली, तेव्हापासून सांध्यांची हवाबंदी ही आवाजाची गरज आहे. म्हणून बाहेर जी झिलई द्याल, तिचा निदान एक पातळ हात आतूनही द्यावा.

निवड आणि दुसरा हात

जुनी झिलई काढण्याआधी ती कोणती आहे ते ओळखावं. पेटीच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा मिनिटभर धरावा. चिकट झालं तर चपडा आहे. काही झालं नाही तर थिनर लावून पाहावं; मऊ पडलं तर एनसी लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही, तर पीयू किंवा मेलामाइन समजावं. यातला पहिला निकाल लागला तर नशीब चांगलं: घासायची गरज नाही, स्पिरिटने साफ करून त्याच्यावरच पुन्हा हात मारता येतात.

काम सुरू करण्याआधी स्पीकरचे कोन बाहेर काढून दुसऱ्या खोलीत ठेवावेत. स्पिरिट-थिनरच्या वाफेने रबराची कड खराब होऊ शकते. स्टील वूल तर त्यांच्या आसपासही आणू नये, कारण लोखंडाची बारीक कुसं चुंबकाला चिकटून आत जातात आणि मग निघत नाहीत. पॉलिश पेपर १२० पासून सुरू करून १८०, २४० असा तंतूंच्या दिशेनेच फिरवावा. आडवा फिरवला तर बांबूचे तंतू उचकटतात. आणि सगळ्यात आधी कडेला पाहून खात्री करावी, की पेटी भरीव बांबूची आहे की एमडीएफवर बांबूचा पातळ पापुद्रा चिकटवलेला आहे. तो पापुद्रा मिलिमीटरभरही नसतो. पीयू घासता घासता तो कधी संपला हे कळतही नाही, आणि खालचं एमडीएफ उघडं पडतं. न विरघळणाऱ्या झिलईची खरी किंमत इथे मोजली जाते.

रंग द्यायचा मोह बांबूवर आवरावा. त्याचे घट्ट तंतू आणि मधला मऊ भाग रंग सारखा पीत नाहीत, डाग पडतात. द्यायचाच असेल तर आधी चपड्याचा पातळ हात मारून पृष्ठभाग एकसारखा करून घ्यावा. यासाठी मेण काढलेला चपडा वापरावा, कारण साध्या चपड्यातल्या मेणावर पीयू धरत नाही. लिटरभर स्पिरिटला पावशेर चपडा हे प्रमाण पुरेसं आहे. विरघळवलेला चपडा सहा महिन्यांहून जास्त जुना झाला की नीट वाळत नाही, म्हणून लागेल तेवढाच करावा. पावसाळ्यात हे काम करू नये. हवेतल्या दमटपणाने झिलई पांढरट पडते. मुरब्बी पॉलिशवाले श्रावणात ही कामं टाळतात, ते उगीच नाही.

माझा कल स्पष्ट आहे. स्पीकर भिंतीजवळ, हाताळणी कमी, असं असेल तर चपड्याचे चार-पाच पातळ हात आणि वर मेण द्यावं. बांबूचा स्पर्श बोटांना जाणवावा असं वाटत असेल, तर टुंग किंवा हार्डवॅक्स तेल द्यावं. ते वर्ष-दोन वर्षांनी फडक्याने पुन्हा पाजता येतं. तेलाची फडकी गोळा करून टाकू नयेत. वाळता वाळता ती स्वतःच तापतात आणि पेट घेतात. ती पाण्यात भिजवावीत किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत. स्पीकरवर कप आणि कुंड्या ठेवल्या जाणारच असतील, तर फक्त वरच्या फळीला मेण काढलेल्या चपड्यावर पाण्यातलं पीयू द्यावं. चपडा उष्णता, दारू आणि साबणाचं पाणी सोसत नाही, हे मान्यच करायला हवं. पण त्याची प्रत्येक जखम भरून निघते आणि ती कुणालाही भरता येते.

झिलई बदलणं हे एका माणसाचं काम नसतं. आज जी पेटी तुम्ही घासता, ती आणखी वीस वर्षांनी दुसरा कुणीतरी घासणार आहे. म्हणून कोन परत बसवण्याआधी पेटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावं: कोणता बांबू, कोणती झिलई, किती हात, कोणतं वर्ष. पुढच्या कारागिराचं निम्मं काम त्यातच होतं.